कोपऱ्यावरची हळद

पोस्टकार्डाचा कोपरा फाटलेला असला की ते कार्ड घरात नेत नसत. ओसरीवर उभ्या उभ्या वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. कोण गेलं ते मजकुरात असे. कोणीतरी गेलं, एवढं कोपऱ्यानं आधीच सांगितलेलं असे. उलट कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लागलेलं दिसलं, की जिला अक्षरओळख नाही अशी म्हातारीसुद्धा पोस्टमनला थांबवून म्हणे, बस बाबू, पाणी घे. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात ती हळद बहुतेक वायगावची असायची. त्याच हळदीला पुढे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मजकूर कसा घ्यायचा ते मजकुराच्या आधी सांगणारी अशी एक खूण ई-मेललाही असते. ती आपल्या नजरेस पडत नाही. सकाळी एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन धरून आपण जो मेल उघडतो, त्याच्या डोक्यावर बऱ्याच ओळी असतात: कोणाकडून, कोणाला, कधी, कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरत आला. त्यांतच एक ओळ असते, कंटेंट-टाइप नावाची. पुढे येतोय तो साधा मजकूर आहे, वेबपानासारखा सजवलेला आहे, फोटो आहे की पीडीएफ. मजकूर असेल तर तो कुठल्या लिपिसंकेतात आहे, हे ती सांगते. प्रोग्राम लिहून ही ओळ वाचायची, हे काम ऐकायला अर्ध्या तासाचं वाटतं. वाटतं तेवढंच.

पत्ता चुकला तर काय होतं, हे वर्धा जिल्ह्याला कोणी सांगायला नको. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि त्यांची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावाकडे वळू लागली. शेगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन, गजानन महाराजांचं ठिकाण. टपालखात्याला तरी दोष कसा द्यायचा? शेवटी १९४० साली गावाचंच नाव बदललं, सेगावचं सेवाग्राम झालं. पण पत्ता दारापर्यंत आणून सोडतो. पुढचं त्याला विचारू नये. ई-मेलच्या मांडणीचा १९८२ सालचा जो नियम बरीच वर्षं चालला, त्यात पत्ता कसा लिहावा याचा भरपूर खल आहे. आतल्या मजकुराबद्दल मात्र एक गोष्ट न बोलता धरून चालले होते: तो अमेरिकन इंग्रजीच्या १२८ चिन्हांत बसणारा असेल. त्या १२८ मध्ये अ नाही, ज्ञ नाही, मधलं तर काहीच नाही. एकाच जातीचा माल असला की त्यावर खूण करायची गरजही कोणाला वाटत नाही.

ती गरज नथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांना वाटली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीन यांनी एक मेल पाठवला. त्यात त्यांच्या चार जणांच्या हौशी गायनचमूचा फोटो होता आणि त्या चौघांनी म्हटलेल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण. हे खटाटोप कशाला, असं लोक विचारत, तेव्हा ते म्हणत की पुढे मला नातवंडं होतील आणि त्यांचे फोटो मला मेलनं यायला हवेत. आज ह्यूस्टनहून किंवा पुण्याहून नातीच्या बारशाचे फोटो हिंगणघाटच्या आजीच्या मेलबॉक्समध्ये येऊन पडतात ते या आजोबांच्या हौशीमुळं. त्याच वर्षी जूनमध्ये या सोयीचा नियम पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. माइम हे त्याचं नाव. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याला जे रूप मिळालं, त्यावरच अजून सगळं जग चालतं. कंटेंट-टाइपची ओळ त्यातली.

आपण मराठी माणसांनी मात्र या सोयीचा फायदा घ्यायला पुढची दहा-पंधरा वर्षं लावली. भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा संकेत १९९१ साली भारतीय मानक झाला होता. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षी निघाली, तिच्यात देवनागरी होती आणि तिची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या रूपावरून घेतलेली होती. तरी छापखान्यांत, वर्तमानपत्रांत, सरकारी टेबलांवर राज्य होतं ते शिवाजी, श्रीलिपी, सुरेख, कृतिदेव या फॉन्टांचं. त्यांतली बरीच मंडळी आतून रोमन अक्षरंच साठवत आणि वर देवनागरीचा आकार काढून दाखवत. म्हणजे मेलवरची खूण ‘हा रोमन मजकूर आहे’ असं सांगे आणि यंत्राच्या बाजूनं ते खरंही असे. मजकूरच वेष पालटून आलेला. समोरच्याकडे तोच फॉन्ट असला तर निमंत्रण, नसला तर कचरा. मेलच्या शेवटी ‘सोबत फॉन्ट जोडला आहे’ असं लिहायची त्या काळी पद्धतच होती, आणि ती ओळही त्याच फॉन्टात असायची.

युनिकोड आल्यावर हा घोळ संपायला हवा होता. तो संपला नाही, त्यानं जागा बदलली.

समुद्रपुरातल्या एका सेवा केंद्रावर सकाळी सातबारा काढायला, पीक विम्याची चौकशी करायला माणसं येतात. कापूस, तूर, सोयाबीन यांचा हंगाम असला की रांग मोठी. एका काकाजींना विम्याबद्दल कुठल्याशा कार्यालयातून मेल आला होता. नाव सांगण्यात अर्थ नाही, असं कोणाकडूनही होतं. पडद्यावर मराठी नव्हतीच. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए, त्याच्यामागं एक चार पायांचं गोल चिन्ह, मग काहीतरी भलतंच, पुन्हा तोच ए, आणि मध्ये मध्ये चक्क जपानी येनची खूण.

‘काय होय हे, भाऊ? कोणाची भाषा म्हणावी?’ काकाजी म्हणाले.

‘पत्र बरोबर हाय काकाजी, त्याच्यावरची खूण चुकली जी,’ केंद्रावरचा पोरगा म्हणाला.

पोरगा बरोबर बोलला. मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतात होता आणि कंटेंट-टाइपच्या ओळीत पश्चिम युरोपचा लॅटिन-१ हा संकेत लिहिलेला होता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं होतं. पहिला बाइट सगळ्यांचा सारखा, दुसरा दोनपैकी एक, फरक काय तो तिसऱ्यात. तेच तीन बाइट लॅटिन-१ च्या चष्म्यातून पाहिले, तर पहिल्याचा होतो तो तिरक्या रेघेचा ए आणि दुसऱ्याचं होतं एकतर चार पायांचं चलनचिन्ह नाहीतर येन. काकाजींच्या विम्यात येन आले कुठून, त्याचं उत्तर एवढंच. आणि लॅटिन-१ चा स्वभाव असा, की तो कशालाच नाही म्हणत नाही. कुठलाही बाइट द्या, त्याच्याकडे त्यासाठी काहीतरी आहेच. म्हणून प्रोग्राम अडखळत नाही, चूक नोंदवत नाही, ऐटीत कचरा छापून मोकळा होतो. यूटीएफ-८ तसा नाही, त्याची शिस्त कडक. दुसऱ्या संकेतातला लांबलचक मजकूर यूटीएफ-८ म्हणून खपवायला गेलं तर तो बहुधा पहिल्याच काही बाइटांत पकडला जातो. म्हणून जाणकार प्रोग्रामर बाइट हातात आल्यावर खुणेवर भिस्त ठेवण्याआधी यूटीएफ-८ लावून बघतो. लागला, तर खूण काहीही म्हणो.

हे लवकर केलं तर सगळं परत मिळतं. पण मध्येच कोणी तो बिघडलेला मजकूर ‘मला तर असं दिसतंय’ म्हणून पुढं पाठवला, आणि त्याच्या संगणकानं तो विंडोज-१२५२ या भावकीतल्या संकेतातून नेला, तर काही जागी पाणी मुरतं. त्या संकेताच्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत. त्या घरांत येणारा बाइट काही प्रोग्राम फेकून देतात आणि त्याजागी प्रश्नचिन्ह ठेवतात. आता नशीब बघा: ती पाच घरं देवनागरीच्या ज्या चिन्हांच्या तिसऱ्या बाइटावर येतात, त्यांत ए आहे, ऐ आहे, झ आहे, चंद्रबिंदू आहे, ॐ आहे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऱ्हस्व उकार आणि हलन्त आहे. म्हणजे जोडाक्षर गेलंच. दुरुस्ती करून परत आणलेल्या अशा मजकुरात ‘समुद्रपूर’ शोधून पाहावं. म चा उकार गायब, द आणि र यांना जोडणारा धागा तुटलेला, आणि ‘पूर’ मात्र जसंच्या तसं. कारण दीर्घ ऊकार शेजारच्या भरलेल्या घरात राहतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कशाला पाळायचा असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर माझ्या मनात कायम तयार असतं.

बेस६४ मधली मराठी वाचायचा नादही एखाद्याला लागू शकतो. जुन्या सर्व्हरांतून सुखरूप जावं म्हणून मेलचे बाइट साध्या रोमन अक्षर-अंकांत बांधून पाठवायची ही रीत. तिथं तीन बाइटांची चार अक्षरं होतात आणि आपलं चिन्ह नेमकं तीन बाइटांचं. त्यामुळं ‘समुद्रपूर’ची नऊ चिन्हं म्हणजे २७ बाइट, म्हणजे छत्तीस अक्षरं, प्रत्येक चिन्हाला स्वतःची चौकडी, आणि प्रत्येक चौकडीची सुरुवात ४-के-एस नाहीतर ४-के-डब्ल्यू. शब्द संपून मोकळी जागा आली की ती एकाच बाइटाची असल्यानं हे सगळं एक घर सरकतं, आणि तिसऱ्या मोकळ्या जागेनंतर पुन्हा जुळतं. कच्चा मेल उघडून हा ठेका दिसला, की आत मराठी किंवा हिंदी आहे हे उलगडण्याआधीच कळतं. खूण पुसली गेली तरी मजकुराला स्वतःची चाल असते.

आता ओळ वाचण्याबद्दल. नवशिका काय करतो? ओळीचे अर्धविरामावर तुकडे करतो, तुकड्याचे बरोबरच्या चिन्हावर दोन भाग करतो, झालं. शंभर मेलांना चालतं. मग फाइलचं नाव ‘सातबारा; नवीन’ असलेला एखादा मेल येतो. तो अर्धविराम अवतरणात आहे, तिथं तोडायचं नव्हतं. मग ओळ लांब झाली म्हणून पुढच्या ओळीवर मोकळी जागा सोडून चालू ठेवलेली सापडते. ती आधी जोडून घ्यायला हवी होती. प्रकाराचं नाव मोठ्या लिपीत लिहा की लहान, सारखंच मानायचं. पण बाउंडरीचं, म्हणजे मेलचे भाग वेगळे करणाऱ्या रेघेचं, अक्षर न् अक्षर तपासायचं. कंसात शेरा लिहायचीही मुभा आहे, तो वगळायचा. आणि बाउंडरीत पुष्कळदा मुद्दाम ‘बरोबर’चं चिन्ह आणि त्याला लागून अधोरेघ घातलेली असते. खोडी म्हणून नव्हे. बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या रीतींनी बांधलेल्या मजकुरात ही जोडी कधीच येऊ शकत नाही, म्हणून नियमातच तशी शिफारस आहे. रेघ मजकुरात मिसळायची भीती उरत नाही. आमचा नवशिका तिथंच कापतो, बाउंडरी अर्धी हातात येते, आणि पत्र, फोटो, पीडीएफ यांचा एकच गोळा होतो.

म्हणून शहाणी माणसं ही ओळ हातानं तोडत नाहीत. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ई-मेल नावाचं तयार पॅकेज आहे, त्याच्याकडे सोपवतात. याच कामासाठी वर्षानुवर्षं पुष्कळांनी सीजीआय या जुन्या मॉड्यूलमधलं एक छोटं फंक्शन उसनं घेतलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीतून ते मॉड्यूलच काढून टाकलं आणि कुणाकुणाचे चालते प्रोग्राम रुसून बसले. त्यांनाही ई-मेल पॅकेजकडेच जायला सांगितलं आहे.

या पॅकेजला विचारलं, की या मेलचा प्रकार कोणता, तर त्याच्याकडून ‘माहीत नाही’ असं उत्तर येत नाही. ओळच नसली, किंवा प्रकार आणि पोटप्रकार यांच्यामधली तिरकी रेघ हरवून ओळ निरर्थक झाली असली, तर ते म्हणतं: साधा मजकूर. नियमच तसा आहे. मला यातली सभ्यता आवडते. अनोळखी माणूस दारात आला, नीट बोलता आलं नाही त्याला, तर आधी तो साधा माणूस आहे असं धरून चालायचं. पण साधा म्हणून सलामत, असंही नाही. ज्याची जात कळत नाही अशी फाइल नुसती बाइटांची थप्पी म्हणून जपून ठेवायची, उघडायची नाही, चालवायची तर नाहीच. पीडीएफची खूण लावून आत भलतंच काही पाठवणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत.

माझ्या मते माइमच्या सगळ्या नियमांत सगळ्यात सुंदर नियम मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह या प्रकाराचा आहे. एकच निरोप दोन-तीन रूपांत पाठवायची ती सोय. एक रूप साधं, एक सजवलेलं. त्यांचा क्रम ठरलेला असतो: साधं आधी, देखणं शेवटी. वाचणाऱ्या प्रोग्रामनं स्वतःला कळेल असं शेवटचं रूप निवडायचं. नवा फोन शेवटचं घेतो. आणि ज्याला हा नियमच माहीत नाही असा एखादा जुनाट प्रोग्राम सगळा मेल वरून खाली तसाच ओतून दाखवतो, तेव्हा माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडतो तो वाचता येणारा साधा मजकूर. ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे, त्याच्यासाठी सगळ्यात वर वाढून ठेवलेलं. १९९२ साली, स्वतःकडे त्या काळातली उत्तमोत्तम यंत्रं असताना, दोन माणसांनी गरीब यंत्रासमोर बसलेल्याचा एवढा विचार करावा, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि आपण काय करतो? काकाजींना त्यानंतर आलेला मेल तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. खूण अचूक, बाउंडरी अचूक. मजकुराच्या जागी तीन शब्द: ‘सोबतचे पत्र पाहावे.’ सोबत सही-शिक्क्याच्या कागदाचा थोडा तिरपा झालेला स्कॅन. संगणकावर टाइप केलेलं मराठी पत्र आधी छापायचं, मग त्याचा फोटो काढायचा आणि तो पाठवायचा. प्रकाराच्या ओळीत चित्र लिहिलंय आणि आत चित्रच आहे; त्या बाबतीत कोणी खोटं बोललेलं नाही. पण त्यात ‘समुद्रपूर’ शोधून सापडत नाही, अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही, जामच्या चौफुलीवर रेंज गेली की ते उतरत नाही, आणि शेवटची तारीख कोणती हे कळायला काकाजींना पुन्हा केंद्रापर्यंत यावं लागतं. शिक्का हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. स्कॅनच्या वर तोच मजकूर टाइप करून ठेवायला कोणत्या नियमानं अडवलं आहे?

केंद्रावरचा पोरगा आता कोणालाही कागद पाठवताना मेलमध्ये वर तीन ओळी स्वतः टाइप करतो: कोणत्या गट नंबराचं, काय करायचं, कोणत्या तारखेच्या आत. खाली स्कॅन. काकाजींचा मुलगा पुण्याजवळ चाकणला कंपनीत आहे; तो जेवणाच्या सुट्टीत तेवढ्या तीन ओळी फोनवर वाचून दाखवतो, आणि बऱ्याचदा स्कॅन उघडायची वेळच येत नाही.